जालन्याच्या टापूंतील शेतकरी कामगार पक्ष (इ. स. १९३७–१९६०)

१. विषय व त्याची मर्यादा

ज्या पक्षाच्या हातीं राज्यसत्ता स्वतंत्रपणें कधीं आली नाहीं, ज्याचे सभागृहांतील सभासद बोटांवर मोजतां येत, त्याच्या इतिहासास त्रैमासिकाचीं पानें कां द्यावींत, अशी शंका आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. आमच्या संग्राहकांचें लक्ष सनदा, महजर, निवाडपत्रें, बखरी आणि पोथ्या यांजकडे असतें. निवडणुकीचें हस्तपत्रक, मतदारांची यादी, लेव्हीच्या धान्याची पावती, कुळाचा दाखला हे कागद त्यांस अजून ‘जुने’ वाटत नाहींत. परंतु कागदाचें मोल केवळ त्याच्या वयावरून ठरत नाहीं. त्या कागदावांचून कोणती गोष्ट सांगतां येणार नाहीं, यावरून तें ठरतें. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड प्रसिद्ध केले. देशपांडे-कुलकर्ण्यांच्या घरचे वतनाचे व तंट्यांचे कागद क्षुल्लक म्हणून टाकून दिले असते, तर पेशव्यांच्या स्वाऱ्या आपणांस कळल्या असत्या. पण ज्या गांवांच्या वसुलावर त्या स्वाऱ्या निघाल्या तीं गांवें अंधारांत राहिलीं असतीं.

विसाव्या शतकांतील लहान राजकीय पक्षांची गोष्ट अशीच आहे. मोठ्या पक्षाचें दप्तर सरकारी दप्तरांत मिसळून सुरक्षित राहतें. लहान पक्षाचें दप्तर कार्यकर्त्याच्या घरच्या पेटींत राहतें आणि त्याच्या पश्चात् रद्दींत जातें. म्हणून लहान पक्षाचा इतिहास लिहिण्याची घाई अधिक.

प्रस्तुत लेखांत आम्ही शेतकरी कामगार पक्षाच्या जालना टापूंतील वाटचालीचा विचार करणार आहों. ‘जालन्याचा टापू’ म्हणजे जुनें व नवें जालना मिळून होणारें शहर आणि त्याभोंवतालचे अंबड, भोकरदन, जाफराबाद व परतूर हे तालुके, असा अर्थ येथें घ्यावा. आमचें प्रतिपादन थोडक्यांत असें कीं, लहान पक्षाचें राज्याच्या राजकारणांतील अस्तित्व केवळ त्याच्या जागांच्या संख्येवरून मोजूं नये. ज्या प्रश्नांस सरकार एरवीं उत्तर देत नव्हतें त्यांची छापील नोंद त्यानें कितपत घडवून आणली, यावरूनहि तें मोजावें.

२. स्थळाची ओळख

कुंडलिका नदीनें जालना शहराचे दोन भाग केले आहेत. एका अंगास जुनें जालना आणि दुसऱ्या अंगास कादिराबाद, ज्यास आतां नवें जालना म्हणतात. जमशेदखानाची काळी मशीद व मोती तलाव, जुन्या जालन्यांतील आनंदी स्वामींचें देवस्थान, शिवछत्रपतींची इ. स. १६७९ मधील स्वारी, आणि इ. स. १८०३ च्या सप्टेंबरांत कर्नल स्टीव्हन्सन यानें घेतलेला किल्ला, या गोष्टी आमच्या वाचकांस परिचित आहेत. त्याच महिन्याच्या २३ तारखेस असईची लढाई झाली. तें असई गांवहि याच टापूंतील होय. निजामाच्या राज्यांत राहूनहि येथें एकोणिसाव्या शतकांत इंग्रजी छावणी होती. इ. स. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे मनमाडपर्यंत जाऊन मिळाली आणि जालना हें कापूस व धान्य यांच्या व्यापाराचें मोठें ठाणें बनलें. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण या भरभराटीचीच साक्ष देते.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें या स्थळाची एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. निजामी अमलांत जालना, अंबड व भोकरदन हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यांत होते, तर परतूर हा परभणी जिल्ह्यांत होता. जालना हा स्वतंत्र जिल्हा दिनांक १ मे १९८१ रोजीं झाला. म्हणजे ज्या काळाचा आम्ही विचार करीत आहों त्या काळांत ‘जालना जिल्हा’ असें कांहीं नव्हतें. एकाच आठवड्याच्या बाजारास येणारे शेतकरी दोन निरनिराळ्या जिल्हा कचेऱ्यांचे रयत होते. आज जिल्ह्याच्या नांवावरून शोध करूं जाणाऱ्या अभ्यासकाची प्रथम फसगत होते ती येथेंच.

३. पूर्वपीठिका : परतूरची परिषद

हैदराबाद संस्थानांत सोळा जिल्हे होते. त्यांपैकीं आठ तेलंगणाचे, पांच मराठवाड्याचे व तीन कर्नाटकाचे. राज्यकारभाराची भाषा उर्दू. रयतेच्या भाषा तेलुगु, मराठी व कानडी. राजकीय सभा भरविण्यास सरकारची पूर्वपरवानगी लागे. या बंधनाचा ‘गश्ती नंबर ५३’ हा हुकूम त्या पिढीच्या लोकांस तोंडपाठ होता. अशा स्थितींत लोकांनीं भाषेच्या आधारानें परिषदा उभारल्या. तेलुगु भाषिकांची आंध्र महासभा, कानडी भाषिकांची कर्नाटक परिषद आणि मराठी भाषिकांची महाराष्ट्र परिषद.

महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन इ. स. १९३७ सालीं परतूर येथें गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें. मराठवाड्याच्या संघटित राजकारणाचा आरंभ मोठ्या शहरांत न होतां आजच्या जालना जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं झाला. परतूर हें रेल्वेवरचें गांव असल्यानें पांचहि जिल्ह्यांच्या मंडळींस तेथें येणें सोयीचें होतें, ही एक बाजू. दुसरी बाजू अशी कीं, त्या भागांत वाचणारा, पत्रव्यवहार करणारा आणि सरकारी हुकमाचा अर्थ विचारणारा एक वर्ग तयार झाला होता. परिषदेच्या मागण्या सौम्य होत्या. परंतु मागणी लेखी करावी, ठराव मांडावा, त्याची प्रत ठेवावी, ही संवय या परिषदांनीं लाविली.

इ. स. १९३८ सालीं स्टेट काँग्रेस जन्मास येण्यापूर्वींच तिजवर बंदी आली. ती बंदी इ. स. १९४६ सालीं उठली. मधल्या आठ वर्षांत भाषिक परिषदांनींच राजकारणाची ज्योत तेवत ठेवली. इ. स. १९४८ च्या सप्टेंबरांत, तारीख १३ ते १७ या पांच दिवसांत, पोलीस कारवाई होऊन निजामी अंमल संपला. जो समान शत्रु होता तो नाहींसा झाल्यावर चळवळींतील मतभेद उघड झाले. यापुढें प्रश्न स्वातंत्र्याचा नव्हता, जमिनीचा होता.

४. पक्षाची उत्पत्ति व त्याचा मराठवाड्यांत प्रवेश

शेतकरी कामगार पक्षाचें मूळ पुणें प्रांतीं आहे. काँग्रेसमध्यें राहून शेतकऱ्यांचा प्रश्न सुटत नाहीं अशी खात्री झालेल्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे, तुळशीदास जाधव प्रभृति मंडळींनीं प्रथम काँग्रेसच्या अंतर्गत एक संघ स्थापिला व इ. स. १९४७–४८ मध्यें वेगळी चूल मांडली. इ. स. १९५० सालीं नाशिक जिल्ह्यांतील दाभाडी येथें पक्षानें आपला वैचारिक प्रबंध मंजूर केला. तो ‘दाभाडी प्रबंध’ या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यांत पक्षानें मार्क्स व लेनिन यांची विचारसरणी स्वीकारली. मात्र कम्युनिस्ट पक्षाहून आपलें अस्तित्व स्वतंत्र ठेविलें. ब्राह्मणेतर चळवळीची परंपरा आणि मार्क्सवाद यांचा हा संयोग महाराष्ट्राबाहेर क्वचितच आढळतो.

मराठवाड्यांत या पक्षास जी जमीन मिळाली ती पुण्या-साताऱ्याहून निराळी होती. तिकडे रयतवारी होती. इकडे खालसा मुलूख, जहागिरी व निजामाची खासगी मालमत्ता असलेला सर्फ-ए-खास, असे जमिनीचे प्रकार होते. पट्टेदार, शिकमीदार व कूळ यांच्या हक्कांत मोठें अंतर होतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत सक्तीची धान्यलेव्ही सुरू झाली होती. जहागिरी इ. स. १९४९ च्या ऑगस्टांत खालसा झाल्या. इ. स. १९५० सालीं हैदराबादचा कूळकायदा झाला. कायदा झाला, पण कुळाच्या नांवाची नोंद चावडींत होणें ही वेगळी गोष्ट होती. ती नोंद करवून घेण्यासाठीं अर्ज लिहून देणारा, तहसिलींत बरोबर येणारा माणूस हवा होता. या गरजेंतून पक्ष खेड्यांत शिरला. तत्त्वज्ञान दाभाडीचें असलें तरी पक्षाची मुळें चावडींत रुजलीं, असें म्हणण्यास हरकत नाहीं. परभणीचे अण्णाजीराव गव्हाणे आणि उस्मानाबादचे (आजच्या धाराशिवचे) उद्धवराव पाटील हे मराठवाड्यांतील या पक्षाचे अग्रणी होत.

५. इ. स. १९५२ ची निवडणूक

प्रौढ मताधिकाराची पहिली निवडणूक हैदराबाद राज्यांत इ. स. १९५२ च्या प्रारंभीं झाली. विधानसभेच्या १७५ जागांपैकीं काँग्रेस ९३, पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट ४२, समाजवादी पक्ष ११, शेतकरी कामगार पक्ष १०, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन ५ व अपक्ष १४, असा निकाल लागला. फ्रंट म्हणजे मुख्यत्वें कम्युनिस्ट; त्यांच्या पक्षावर हैदराबादेंत बंदी असल्यामुळें त्यांनीं हें नांव घेतलें. त्यांचें बळ तेलंगणांत होतें. शेतकरी कामगार पक्षाचें बळ मुख्यत्वें मराठवाड्यांत होतें. त्याच वर्षीं लोकसभेंत या पक्षाचे जे दोन सभासद गेले त्यांपैकीं एक सोलापूरचे शंकरराव मोरे व दुसरे परभणीचे नारायणराव वाघमारे. म्हणजे लोकसभेंतील पक्षाचा अर्धा भाग मराठवाड्यानें दिला. मुंबई राज्याच्या ३१५ जणांच्या विधानसभेंत पक्षाचे १४ सभासद होते. हैदराबादेंत १७५ मध्यें १०. प्रमाण काढलें तर हैदराबाद विधानसभेंतील पक्षाचा वांटा मुंबईहून अधिक भरतो, ही गोष्ट पुण्याकडील लेखकांच्या सहसा लक्षांत येत नाहीं.

त्या निवडणुकीची पद्धतिहि नमूद करण्याजोगी आहे. प्रत्येक उमेदवारासाठीं स्वतंत्र पेटी असे व तिजवर त्याचें चिन्ह चिकटविलेलें असे. मतदारानें कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटींत टाकावयाची, इतकेंच. लिहितां-वाचतां न येणाऱ्या मतदारास चिन्ह ओळखूं येणें हेंच सर्व कांहीं होतें. म्हणून त्या काळच्या हस्तपत्रकांत मजकुरापेक्षां चित्र मोठें आढळतें.

परतूर मतदारसंघांतून श्री. अंकुशराव व्यंकटराव घारे हे हैदराबाद विधानसभेंत निवडून गेले व विरोधी बाकांवर बसले. ज्या गांवीं पंधरा वर्षांपूर्वीं परवानगी मागून परिषद भरवावी लागली, तेथूनच आतां सरकारला जाब विचारणारा प्रतिनिधि राजधानींत गेला. या दोन घटनांमधील अंतर फक्त पंधरा वर्षांचें आहे. मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनांत त्या अवधींत झालेला पालट यावरून ध्यानीं यावा.

६. सभागृहांतील नोंद

बुर्गुल रामकृष्णराव हे मुख्यमंत्री होते. विरोधी पक्षाचे नेते व्ही. डी. देशपांडे हे फ्रंटचे. ते जातीनें मराठी भाषिक, परंतु निवडून आले तेलंगणांतील इप्पागुडा येथून. अशा सभागृहांत दहा सभासदांच्या पक्षास ठराव मंजूर करून घेणें शक्य नव्हतें. शक्य होतें तें प्रश्न विचारणें, दुरुस्त्या सुचविणें व भाषणें करणें.

या कामाचें साधन म्हणजे हैदराबाद विधानसभेच्या कामकाजाचे छापील वृत्तांत. आमच्या संग्राहकांनीं या ग्रंथांकडे मुद्दाम लक्ष द्यावें. एकाच पुस्तकांत उर्दू भाषण उर्दू लिपींत, मराठी व हिंदी भाषण देवनागरींत, तेलुगु भाषण तेलुगु लिपींत, असें तें छापलेलें आहे. प्रश्न विचारणाऱ्या सभासदाचें नांव, पुढें कंसांत मतदारसंघ आणि त्याखालीं मंत्र्याचें उत्तर, अशी त्याची मांडणी असते. ‘(परतूर)’ किंवा ‘(परभणी)’ हे कंसांतील शब्द म्हणजे शोधकाच्या हातांतील दिवाच होय. शतकानुशतकें ज्या तालुक्यांचा उल्लेख वसुलाच्या ताळेबंदांतच येई, त्यांच्या वतीनें विचारलेला प्रश्न व सरकारनें दिलेलें उत्तर आतां एकाखालीं एक छापलें जाऊं लागलें. निजामी दप्तरांत रयत ही अर्जदार होती. या वृत्तांतांत ती प्रश्नकर्ती झाली.

हैदराबादच्या कूळकायद्यास इ. स. १९५४ सालीं मोठी दुरुस्ती झाली. संरक्षित कुळास ठराविक मर्यादेपर्यंत जमिनीची मालकी देण्याचें तत्त्व तींत आलें. हें श्रेय एकट्या शेतकरी कामगार पक्षास देणें इतिहासास सोडून होईल. तेलंगणांतील सशस्त्र लढा, दिल्लीचें धोरण व काँग्रेसमधील पुरोगामी गट, या सर्वांचा त्यांत हात होता. मराठवाड्यांत मात्र तेलंगणासारखी शस्त्राची भीति सरकारपुढें नव्हती. तेथें जो दाब पडला तो मोर्चे, अर्ज व सभागृहांतील प्रश्न यांचा. म्हणून मराठवाड्याच्या बाबतींत लहान पक्षाचें हें कागदी काम अधिक मोलाचें ठरतें.

दुसरा विषय भाषेचा. राज्य पुनर्रचना आयोगानें इ. स. १९५५ च्या अहवालांत मराठवाडा मुंबईच्या द्विभाषिक राज्यास जोडावा, असें सुचविलें. दिनांक १ नोव्हेंबर १९५६ रोजीं तसें घडलें. त्यापूर्वीं ६ फेब्रुवारी १९५६ रोजीं पुण्यास संयुक्त महाराष्ट्र समिति स्थापन झाली होती व शेतकरी कामगार पक्ष तिचा एक प्रमुख घटक होता. पक्षाच्या संस्थापकांपैकीं जेधे व मोरे इ. स. १९५४ मध्येंच काँग्रेसमध्यें परतले होते. पुढारी गेले, तरी पक्ष टिकला. ही गोष्ट त्याच्या खेड्यांतील मुळांची साक्ष देते.

७. जालन्याची पोटनिवडणूक

इ. स. १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकींत समितीनें पश्चिम महाराष्ट्रांत काँग्रेसची धूळधाण केली. मुंबई विधानसभेच्या ३९६ जागांपैकीं शेतकरी कामगार पक्षास ३१ मिळाल्या व लोकसभेच्या ४. मराठवाड्यांत मात्र समितीची लाट तितकीशी पोंचली नाहीं. शेजारच्या औरंगाबादहून स्वामी रामानंद तीर्थ काँग्रेसतर्फे निवडून आले आणि जालन्याहून सैफ तय्यबजी हेहि काँग्रेसचेच. तय्यबजी हे मुंबईचे; काँग्रेसचे एक आद्य अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी यांचे ते नातू.

या फरकाचें कारण उघड आहे. पश्चिम महाराष्ट्रास मुंबईचा सल होता. मराठवाड्यास हैदराबादेंतून सुटून मराठी मुलखांत येण्याची जी मुख्य आकांक्षा होती, ती द्विभाषिकानें अर्धीअधिक पुरी केली होती. म्हणून समितीच्या मुख्य घोषणेस येथें पुण्या-मुंबईसारखी धार नव्हती.

तय्यबजी त्याच वर्षीं निवर्तले व जालन्याची जागा रिकामी झाली. त्यानंतर जी पोटनिवडणूक झाली तींत शेतकरी कामगार पक्षाचे श्री. अंकुशराव घारे निवडून आले. परतूरचे विधानसभा सभासद अशा रीतीनें जालन्याचे लोकसभा सभासद झाले. सार्वत्रिक निवडणुकींत काँग्रेसकडे असलेली जागा त्याच लोकसभेच्या कारकीर्दींत लहान पक्षाकडे आली.

या निकालाचा अर्थ कसा लावावयाचा? आमच्या मतें तो केवळ लाटेचा परिणाम नव्हे. कारण लाटेच्या वेळीं जागा काँग्रेसलाच गेली होती. पोटनिवडणुकींत राज्य कोणाचें होणार हा प्रश्न नसतो. मतदार तेव्हां आपल्या ओळखीचा माणूस पाहतो. मुंबईच्या नामांकित घराण्यांतील गृहस्थाच्या जागीं स्थानिक उमेदवार आला, आणि सुमारें साडेचार वर्षें हैदराबादच्या सभागृहांत ज्याचें नांव परतूरच्या नांवाबरोबर छापलें जात होतें तोच हा उमेदवार होता. चावडी, तहसील व सभागृह या तीन ठिकाणीं केलेल्या कामाचें हें फळ, असें आम्ही मानतों.

८. ओहोटी

इ. स. १९६० सालीं जालन्यांत पुन्हां पोटनिवडणूक झाली व काँग्रेसचे रामराव यादव निवडून आले. त्याच वर्षाच्या १ मे रोजीं महाराष्ट्र राज्य स्थापन झालें. समितीचें उद्दिष्ट सिद्धीस गेलें आणि तिच्या घटक पक्षांस एकत्र बांधणारा दोर सुटला.

राज्याच्या राजकारणांत पक्ष यापुढेंहि राहिला. इ. स. १९६२ च्या विधानसभेंत त्याचे १५ व इ. स. १९६७ च्या विधानसभेंत १९ सभासद होते. कृष्णराव धुळप हे इ. स. १९६२ पासून १९७२ पर्यंत विधानसभेंत विरोधी पक्षनेते होते. म्हणजे दहा वर्षें राज्यांतील मुख्य विरोधी आवाज याच पक्षाचा होता. इ. स. १९७२ सालीं संख्या ७ वर आली. इ. स. १९७७ च्या लोकसभा निवडणुकींत पक्षास राज्यांत पांच जागा मिळाल्या व त्यांत लातूरहून उद्धवराव पाटील होते. त्याच वेळीं जालन्यांत मात्र जनता पक्षाचे पुंडलिक हरि दानवे निवडून आले. पुढें जालन्याची लोकसभेची लढत काँग्रेस व भारतीय जनता पक्ष यांच्यांत राहिली. विधानसभेंत इ. स. १९७८ सालीं १३ पर्यंत चढलेली पक्षाची संख्या इ. स. २०१९ व २०२४ या दोन्ही निवडणुकींत प्रत्येकीं १ वर आली.

ओहोटीचीं कारणें शोधतांना पक्षांतील दुफळीकडेच बोट दाखविण्याचा प्रघात आहे. आम्हांस तें अपुरें वाटतें. इ. स. १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा, इ. स. १९६१ चे जमिनीच्या कमाल मर्यादेचा व जिल्हा परिषदांचा असे दोन कायदे, आणि इ. स. १९७२ पासूनची कापूस एकाधिकार खरेदी, यांतून शेतकऱ्याच्या मागणीस सरकारी रूप मिळालें. ज्या अर्जासाठीं पूर्वीं पक्षाचा कार्यकर्ता शोधावा लागे, तो अर्ज आतां पंचायत समितीच्या सभासदाकडे जाऊं लागला. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणानें विरोधी पक्षांतील अनेक कर्तीं माणसें काँग्रेसमध्यें आणिलीं. मागण्या सरकारनें उचलल्या आणि माणसेंहि; मग पक्षापाशीं नांव तेवढें उरलें. परंतु ज्या मागण्या उचलल्या गेल्या त्या प्रथम कोणीं लिहून काढल्या, हा प्रश्न इतिहासापुढें राहतोच.

९. साधनांचा विचार

या विषयाचे कागद कोठें व कसे शोधावे, याविषयीं संग्राहकांच्या उपयोगासाठीं कांहीं सूचना करतों.

पहिली, ठिकाणाची. परतूरचे जुने सरकारी कागद परभणीच्या दप्तरांत, जालना, अंबड व भोकरदन यांचे औरंगाबादच्या (आजच्या छत्रपति संभाजीनगरच्या) दप्तरांत, इ. स. १९५६ पर्यंतचे राज्याचे कागद हैदराबादेंत व त्यापुढील मुंबईंत पहावे. जालन्यांत बसून जालन्याचा इतिहास पुरा होणार नाहीं.

दुसरी, कालगणनेची. निजामी कागदांवर फसली सन असतो. विसाव्या शतकांतील हैदराबादचें फसली साल ऑक्टोबरांत आजुर महिन्यानें सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबर या अवधीस फसली सनांत ५९० व पुढील महिन्यांस ५९१ मिळविले असतां इसवी सन येतो. पोलीस कारवाई फसली १३५७ मध्यें झाली, ही खूण लक्षांत ठेवावी. मराठी दप्तरांत मृगापासून धरलेल्या सालाशीं याची गल्लत करूं नये.

तिसरी, नाण्याची. पावत्यांवरील रकमा हाली शिक्क्यांत आहेत कीं कलदार रुपयांत, हें पाहून घ्यावें. सात हाली रुपये म्हणजे सुमारें सहा कलदार.

चौथी, हस्तपत्रकांची. त्यांवर तारीख बहुधा नसते. परंतु मजकूरच तारीख सांगतो. ‘हैदराबाद विधानसभा’ असे शब्द असतील तर पत्रक नोव्हेंबर १९५६ पूर्वींचें. ‘मुंबई राज्य’ असेल तर बहुधा १९५६ ते १९६० या काळांतील. मत ‘पेटींत टाका’ अशी विनंति असून पेटीवरील चिन्हाचा निर्देश असेल तर तें १९५२ किंवा १९५७ च्या सुमाराचें; मतपत्रिकेवर खूण करण्याची सूचना असेल तर नंतरचें. पुस्तिकेची किंमत आण्यांत असल्यास ती बहुधा एप्रिल १९५७ पूर्वींची, नव्या पैशांत असल्यास त्यानंतरची. अक्षरवटिकेवरून व कागदावरून पोथीचा काळ ठरविणाऱ्या आमच्या वाचकांस ही रीत नवी नाहीं. ती लावण्याचें क्षेत्र तेवढें नवें आहे.

पांचवी, वृत्तपत्रांची. आ. कृ. वाघमारे यांनीं इ. स. १९३८ सालीं काढलेलें व पुढें अनंत भालेराव यांच्या संपादकत्वानें गाजलेलें ‘मराठवाडा’ हें पत्र या सर्व काळास व्यापून आहे. सरकारी वृत्तांताबरोबर तें लावून वाचलें असतां एकाची उणीव दुसरें भरून काढतें.

१०. समारोप

जुन्या जालन्यांतील घरांत अजून लाकडी पेट्या व फडताळें आहेत. त्यांत आजोबांच्या हातचे उर्दू कागद, मोडी वह्या आणि त्यांच्याच खालीं कूळकायद्याचे दाखले व पत्रकें पडून असतात. घर पाडून नवें बांधतांना मोडी वही कोणी तरी जपून ठेवतो, कारण ती शिवकालाची असेल अशी त्यास आशा असते. उर्दू कागद वाचतां येत नाहींत म्हणून जातात आणि छापील पत्रकें वाचतां येतात म्हणूनच क्षुल्लक ठरून जातात.

आमचें संग्राहकांस सांगणें एवढेंच कीं, पेटी उघडाल तेव्हां तळापर्यंत पहा. परतूरच्या परिषदेपासून जालन्याच्या पोटनिवडणुकीपर्यंतचीं वीस वर्षें म्हणजे रयतेनें सरकारशीं बरोबरीच्या नात्यानें बोलण्यास शिकण्याचीं वर्षें होत. त्या शिकण्याचा धडा एका लहान पक्षानें कागदावर गिरविला. मोठ्या पक्षांचा इतिहास लिहिण्यास साधनें भरपूर आहेत व लेखकहि मिळतील. या लहान पक्षाचा इतिहास त्या कागदांवर अवलंबून आहे, आणि ते कागद तूर्त आमच्या वाचकांच्या दृष्टीस पडण्यावर.